मशागत झाली, राखण राहिली

(सांगलीतल्या एका वाचनालयाच्या उन्हाळी व्याख्यानमालेतलं भाषण. मोबाइलवरच्या रेकॉर्डिंगवरून उतरवलंय, बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवलाय.)

नमस्कार मंडळी. आता 'मंडळी' म्हणलं की आमच्या ख्रिस्ती लोकांत जरा घोटाळा होतो. आमच्यात मंडळी म्हणजे चर्चमध्ये जमणारे लोक, म्हणजे मी आत्ता सगळ्या हॉलला एका शब्दात चर्चमध्ये नेऊन बसवलं. घाबरू नका, चहा झाला की सोडतो. (हशा)

ग्रंथपाल बाईंनी ओळख करून देताना मला पर्यावरणतज्ज्ञ म्हणलं, ते प्रेमापोटी. मी शेती खात्यात चौतीस वर्षं होतो, कृषी सहायक म्हणून लागलो आणि तिथंच थोडा वर सरकून रिटायर झालो. जन्म मिरजेतल्या मिशन हॉस्पिटलमधला, पण त्यात काही विशेष नाही, अर्ध्या मिरजेचा तिथलाच. १८९४ ला डॉक्टर वानलेसनी ते सुरू केलं तेव्हापासून ह्या भागातल्या सगळ्या जातीधर्मांची पोरं पहिल्यांदा रडली ती तिथंच. त्यामुळं मी ख्रिस्ती आहे ते हॉस्पिटलमुळं नव्हे, आजोबांमुळं. आजोबा येतील पुढं, त्यांची गोष्ट आहे.

पत्रिकेवर विषय छापलाय 'ख्रिस्ती श्रद्धा आणि पर्यावरण संवर्धन'. तो 'संवर्धन' माझा नाही. संवर्धन म्हणलं की माझ्यासमोर फाइल येते, फाइलवर बांधलेली लाल दोरी येते आणि पाच जूनला, पर्यावरण दिनाला, खड्ड्यात रोप लावताना रोपाला हात लावून उभे असलेले अकरा लोक येतात. माझा शब्द आहे राखण. त्या एका शब्दावर मी गेली काही वर्षं लोकांना पकडून पकडून बोलतोय, बायको म्हणते आता घरात नको, हॉल घ्या, म्हणून हा हॉल. तीन गोष्टी सांगायच्यात. एक, बायबल ह्यावर नेमकं काय म्हणतं. दोन, जगभरातल्या चर्चनं काय केलं आणि काय नाही केलं. तीन, आपण ह्या कृष्णाकाठी काय करायचं. पाऊण तास आहे, आरामात होईल.

तर सुरुवात एका चिंचेपासून.

एक मंडळी आहे ह्याच जिल्ह्यातली. नाव सांगणार नाही, पण तिथले तीन-चार जण इथं बसलेत आणि आत्तापासूनच चुळबूळ करायला लागलेत. चर्च जुनं, दगडी, वर कौलं, आणि आवाराच्या कोपऱ्यात चिंच. किती जुनी कुणाला ठाऊक नाही, माझ्या आजोबांनीही ती मोठीच बघितलेली. बुंध्याला दोन माणसांनी कवळ घालायची. आम्ही ख्रिस्ती, आमचा भुताखेतांवर विश्वास नाही, पण रात्री नऊनंतर चिंचेच्या बाजूनं कोणी जायचं नाही. पाळकसाहेबसुद्धा, म्हणजे आमचे धर्मगुरू, पलीकडच्या दारानं जायचे, ते म्हणायचे इकडं उजेड जास्त आहे. (हशा) त्या चिंचेखाली आमची रविवारची शाळा भरायची. दाविदानं गल्याथला गोफणीनं पाडलं ते आम्ही तिथंच शिकलो आणि शाळा सुटल्यावर तिथंच दगडं मारून चिंचा पाडल्या, त्यामुळं आमचं धर्मशिक्षण प्रॅक्टिकलसकट झालेलं आहे. लग्नाची पंगत तिथं, नाताळचा चहा तिथं, मयताला आलेले लोक तिथं उभे. शिवाय आमच्या एक आजी होत्या, आवाराच्या मागंच राहायच्या, दरवर्षी चिंचा झोडपायच्या, फोडायच्या, चिंचोके वेगळे, गर वेगळा, मिठात घोळून गोळे करून बाजारात विकायच्या आणि त्यातला दहावा हिस्सा इमानदारीनं दानाच्या पेटीत टाकायच्या. खजिनदाराच्या वहीत वर्षानुवर्षं एक ओळ आहे, 'चिंच'. पुढं रक्कम. मी स्वतः बघितलीय.

मग चर्चच्या वर्धापनाचं मोठं वर्ष आलं. बाहेरगावचे पाहुणे येणार, चारचाकी गाड्या येणार. कमिटी बसली. ठराव आला की आवारात पेव्हर ब्लॉक घालायचे, पार्किंग करायचं आणि चिंच काढायची. कारण काय, तर पाला पडतो. आता झाड म्हणलं की पाला पडणारच, कौल पडण्यापेक्षा बरा की. दुसरं कारण पाखरांची घाण, तिसरं कारण फांदी एखाद्याच्या गाडीवर पडली तर जबाबदार कोण. एक तरुण मेंबर म्हणाला, छाटून ठेवू या की. तेव्हा आमचे एक वडील उठले. बाकीच्यांसाठी सांगतो, आमच्यात चर्चच्या पुढाऱ्यांना वडील म्हणतात, वयाचा संबंध नाही, आमचे एक वडील बत्तीस वर्षांचे आहेत, त्यांचं लग्न व्हायचंय अजून. तर हे वडील उठले, बायबल उघडलं, म्हणाले उत्पत्ती, अध्याय पहिला, वचन अठ्ठावीस. देवानं माणसाला सांगितलं, पृथ्वी व्यापून टाका, ती सत्तेखाली आणा, समुद्रातले मासे, आकाशातली पाखरं, सगळ्यांवर सत्ता चालवा. बायबल मिटलं. म्हणाले, देवानं एवढी सत्ता दिलीय आणि आपण एका चिंचेला भितोय?

ह्यावर कोण काय बोलणार. ठराव मताला टाकला. बाजूनं सहा, विरोधात दोन.

कमिटीत माणसं नऊ होती. नववा मी. मी हात वर केला नाही, ना ह्या बाजूला ना त्या बाजूला. तेवढ्यात चहा आला होता, मी कप घेत होतो. चौतीस वर्षं खात्यात काढलेला माणूस, झाडाचं वय, मूळ, सावली सगळं शिकलेला, आणि ऐन वेळेला बशी धरून बसला. हे मी मुद्दाम सांगतोय, नाहीतर तुम्हाला वाटेल हा म्हातारा दुसऱ्याच्या नावानं खडे फोडायला आलाय.

चिंच तोडायला तीन दिवस लागले. पहिल्या संध्याकाळी राघू आले आणि बसायला जागा नाही म्हणून चर्चवर घिरट्या घालत राहिले, तो आवाज मी काय तुम्हाला करून दाखवू शकत नाही. शाळेत आपण सगळ्यांनी रेव्हरंड टिळकांची ती बाण लागलेल्या पक्षिणीची कविता पाठ केलीय, 'केवढे हे क्रौर्य', तर फुलामुलांचा हा कवी आमच्याच धर्मातला हे आम्ही मोठ्या अभिमानानं सांगतो आणि त्या संध्याकाळी सगळे दारं लावून घरात बसलो. पेव्हर ब्लॉक बसले. छान दिसतात, लाल-करडे. मे महिन्यात त्यावर अनवाणी पाय ठेवून दाखवा. आता दर उन्हाळ्यातल्या लग्नाला मांडव भाड्यानं आणावा लागतो, त्याचं बिल खजिनदाराच्या वहीत असतं, आणि 'चिंच' ही ओळ बंद झाली. पावसाळ्यात पूर्वी आवारातलं पाणी जमिनीत मुरायचं, आता ते सरळ पायऱ्या चढून आत येतं, नोहाच्या जलप्रलयाची गोष्ट आम्ही प्रत्यक्ष दाखवतो. आणि गाड्या? उन्हात तापतात म्हणून लोक रस्त्यापलीकडच्या कडुलिंबाखाली लावतात. (हशा, टाळ्या)

टाळ्या नकोत, वेळ जातोय.

आता ह्याच सुमाराला माझ्या वाचण्यात आलं की १९६७ साली लिन व्हाइट नावाच्या अमेरिकन इतिहासकारानं 'सायन्स' नावाच्या मोठ्या नियतकालिकात एक लेख लिहिला आणि त्यात हेच म्हणलं. मध्ययुगातल्या तंत्रज्ञानाचा अभ्यासक होता तो, नांगर, पाणचक्क्या असल्या गोष्टींचा. त्याचं म्हणणं, पाश्चात्य ख्रिस्ती विचारानं माणसाला निसर्गाच्या डोक्यावर बसवलं, झाडात देव नाही, नदीत देव नाही, सगळं माणसासाठी, म्हणजे घ्या वापरून. पर्यावरणाच्या संकटाचं मूळ तिथं आहे असा त्याचा आरोप. त्यावर ख्रिस्ती पंडितांनी आजतागायत उत्तरं लिहिलीत, तो कुठं चुकला, एवढं एकच कारण कसं असेल, बाकीच्या धर्मांच्या देशांत काय जंगलं राखली का वगैरे. त्यात तथ्य आहे. पण मला वाचताना वाटत होतं की हा गडी आमच्या कमिटीत बसून लिहितोय. मीटिंगचं इतिवृत्तच की ते! आणि गंमत अशी की त्याच लेखाच्या शेवटी तो ख्रिस्ती संतालाच शरण जातो, म्हणतो पर्यावरणवाल्यांनी असीसीच्या फ्रान्सिसला आपला संत मानावा. बारा वर्षांनी, १९७९ साली, पोपनी खरंच तसं जाहीर केलं. म्हणजे आरोप करणाऱ्याचीच सूचना चर्चनं मंजूर केली, आमच्या कमिटीत असं कधी होत नाही.

तर मी घरी गेलो आणि बायबल काढलं. म्हणलं पहिल्या अध्यायाचं अठ्ठाविसावं वचन आहे, मान्य, पुढं काय आहे? पान उलटायलाही लागलं नाही हो. दुसऱ्या अध्यायाचं पंधरावं वचन. देवानं माणसाला एदेन बागेत नेऊन ठेवलं, कशासाठी, तर बागेची मशागत आणि राखण करायला. मशागत आणि राखण! मूळ इब्रीमध्ये, म्हणजे हिब्रू भाषेत, दोन शब्द आहेत, एक 'आबाद', त्याचा अर्थ राबणं, सेवा करणं, दुसरा 'शामार', म्हणजे जपणं, पहारा करणं. मी काय इब्री पंडित नाही, कोश बघून सांगतोय. पण मराठी भाषांतर करणाऱ्यांनी जे दोन शब्द उचललेत ना, ते थेट आपल्या रानातले आहेत. मी त्या वचनावर रात्री दोन वाजेपर्यंत बसलो.

कारण राखण मला ठाऊक होती. आता येतात आजोबा. आमचं थोडं रान होतं, कोरडवाहू, शाळूचं. शाळू हुरड्यावर आला की पोरांना राखणीला बसवायचे. चार मेढींचा माळा, वर कडब्याचं छप्पर, हातात गोफण. सूर्य उगवायच्या आधी जायचं कारण पाखरं आपल्याआधी उठतात. मी नऊ-दहा वर्षांचा असेन, मला वाटायचं राखण म्हणजे पाखरं मारणं. एकदा नेम धरून एक चिमणी पाडली आणि मोठ्या हौसेनं आजोबांना दाखवली. त्यांनी गोफण काढून घेतली. म्हणाले, तुला हाकलायला ठेवलंय, मारायला न्हवं. आणि मग मला बांधाकडं नेलं. कडेच्या दोन तासांतली, म्हणजे ओळींतली, कणसं पाखरांनी पार खाऊन टाकलेली. म्हणाले, हे त्यांचं. आत यायला लागली की वरड. म्हणजे राखणीत पाखरांचा वाटा धरलेला होता! आजोबा चर्चला नियमित जायचे पण वाचता त्यांना बेताचंच यायचं, बायबलमधलं लेवीय पुस्तक त्यांनी वाचलं असेल असं मला वाटत नाही, आणि त्यात तेच लिहिलंय, रानाच्या कडेकोपऱ्यापर्यंत कापू नका, सरवा वेचू नका, तो गरिबाला आणि परक्याला ठेवा. सरवा! आता कुणाला ठाऊक आहे सरवा? कापणी झाल्यावर खाली राहिलेली कणसं वेचणं. बायबलमधल्या रूथ नावाच्या गरीब विधवेची अख्खी गोष्ट त्या सरव्यावर उभी आहे, रानाच्या मालकानं, बवाजानं, रान झाडून नेलं असतं तर रूथ उपाशी मेली असती आणि पुढं तिच्या वंशात दावीद राजा जन्मलाच नसता. हार्वेस्टरनं सरवा राहत नाही. बघा, एका मशीननं किती वंशावळी बंद होतील. (हशा)

आता माझा मुख्य मुद्दा, इथं जरा लक्ष द्या, मागचे मोबाइलवाले पण. हा 'राखण' शब्द पुढं कुठं कुठं येतो ते मी शोधत गेलो. आदाम-हव्वानं फळ खाल्लं, त्यांना बागेबाहेर काढलं. बाहेर काढताना तिसऱ्या अध्यायात काय लिहिलंय, तर ज्या मातीतून त्याला घेतलं होतं त्या मातीची मशागत करायला पाठवलं. फक्त मशागत. राखण शब्द नाही. आणि लगेच पुढचं वचन, बागेच्या वाटेची राखण करायला देवानं करूब ठेवले, म्हणजे स्वर्गदूत, फिरती तलवार वगैरे. इब्रीत तोच शब्द, शामार. लक्षात आलं का? दोन कामं दिली होती. बाहेर पडताना माणसाच्या हातात मशागत राहिली आणि राखण काढून दुसऱ्याला दिली. सरकारी भाषेत सांगायचं तर अतिरिक्त कार्यभार काढून घेतला. आणि चौथ्या अध्यायात आदामाचा मुलगा काइन भावाला मारून येतो आणि देवालाच विचारतो, मी काय माझ्या भावाचा राखणदार आहे? पुन्हा तोच शब्द. म्हणजे एका पिढीत तो शब्द कामाचा होता तो टोमण्याचा झाला. आणि देव काय म्हणतो, तुझ्या भावाचं रक्त जमिनीतून ओरडतंय, इथून पुढं तू मशागत केलीस तरी ही जमीन तुला आपलं सत्त्व देणार नाही. राखण नाही तर मशागतही फुकट, असा हिशेब आहे तो.

आणि हे वाचताना मला माझी नोकरी आठवली. चौतीस वर्षं मी काय केलं? मशागत सांगितली. नांगरट किती खोल, डोस किती, पाणी कधी, बियाणं कुठलं. चांगलंच केलं, खोटं कशाला बोलू, दुष्काळ बघितलेल्या लोकांच्या घरात पैसा आला. पण राखण हा विषय माझ्या डायरीत एकदाही नाही. आणि त्याचा परिणाम तुम्ही सगळे बघताय. वाळवा, पलूस, मिरज, नदीकाठची काळीभोर रानं, सोनं पिकणारी, आज पांढरी पडलीत. क्षारपड. ऊस, त्यावर खोडवा, त्यावर निडवा, म्हणजे त्याच बुडख्यांवर पुन्हा पुन्हा ऊस, मोटर चालू केली की दुसऱ्या दिवशी बंद. काळ्या रानाला निचरा कमी, पाणी खाली जायला वाट नाही, खालची पातळी वर येते, ऊन पाणी ओढून घेतं आणि मीठ वरती ठेवून जातं. आता त्याच रानात पोटातून सच्छिद्र पाइप घालून निचरा काढायचा, त्याला एकराला लाखाच्या घरात खर्च. स्तोत्र १०७ मध्ये लिहिलंय की देव सुपीक जमीन खारवट करतो, तिथं राहणाऱ्यांच्या दुष्टाईमुळं. मी म्हणतो दुष्टाई कशाला पाहिजे, दहा एचपीच्या दोन मोटरी बास आहेत.

ह्यावर बायबलमधल्या मोशेच्या नियमशास्त्रात उपाय होता आणि तो आपल्या म्हाताऱ्यांनाही ठाऊक होता, रान पड टाकणं. लेवीय, पंचविसावा अध्याय. सहा वर्षं पेरा, सातव्या वर्षी जमिनीला शब्बाथ, विसावा. आपोआप उगवेल ते गडी, चाकर, उपरा, गुरं आणि रानातली जनावरं सगळ्यांनी खायचं. त्याच अध्यायात देव म्हणतो जमीन कायमची विकायची नाही कारण जमीन माझी आहे, तुम्ही माझ्याकडं उपरे म्हणून राहताय. सातबाऱ्यावर मालक म्हणून देवाचं नाव आणि आपण सगळे इतर हक्कात! (हशा) आणि पाळलं नाही तर? तेही लिहिलंय. बायबलमधल्या 'दुसरा इतिहास' ह्या पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात, लोकांना उचलून बाबेलला नेलं आणि सत्तर वर्षं जमीन ओस पडून तिनं आपले राहिलेले शब्बाथ वसूल केले. जमीन वसुली करते हो, बँकेपेक्षा कडक. मी हे एका बागायतदाराला सांगितलं तर तो म्हणाला, साहेब, सातव्या वर्षी रान पड टाकलं तर सोसायटीचा हप्ता मोशे भरणार का. त्याचं चुकलं नाही. आज शब्बाथ एकट्यानं पाळता येत नाही, तो नियम सगळ्या गावासाठी होता. पण पाचट जाळू नका, हरभरा किंवा ताग घेऊन फेरपालट करा, ठिबकनं पाणी तोडा, बांधावर दोन झाडं राहू द्या, एवढा शब्बाथ तरी आजच्या हप्त्यात बसतो.

चिठ्ठी आली वाटतं. 'दहा मिनिटं'. अरे बापरे. अजून पहिलाच मुद्दा चाललाय.

बरं, एक पुराचं सांगतो मग पळतो. २०१९ चा ऑगस्ट. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पंचेचाळीस फुटाला धोक्याची पातळी, आणि पाणी गेलं सत्तावन्नच्या वर. मी नातेवाइकांना काढायला एका गावाच्या कडेपर्यंत गेलो होतो. बोट आली, बोटवाल्या जवानानं माडीवरच्या म्हातारीला विचारलं, आजी, माणसं किती? ती म्हणाली, दोन माणसं, तीन म्हशी. तो म्हणाला, म्हशी नाही घेता येत. ती म्हणाली, मग दोन माणसं पण नाहीत. आणि माझ्या डोक्यात बायबलमधला योना संदेष्टा आला. माशाच्या पोटातला योना सगळ्यांना ठाऊक आहे, पण त्या पुस्तकाचं शेवटचं वाक्य कोणी बघत नाही. निनवे शहर वाचवलं म्हणून योना रुसून बसलेला, तेव्हा देव म्हणतो, ह्या शहरात एक लाख वीस हजारांवर माणसं आहेत ज्यांना उजवा-डावा हात कळत नाही, आणि पुष्कळ गुरंढोरंही आहेत, त्यांची मी कीव करू नको काय? तिथं पुस्तक संपतं. गुरांवर! देवानं मोजताना म्हशी सोडल्या नाहीत. त्या म्हातारीचा आणि देवाचा हिशेब एक होता. (त्या आजी दुसऱ्या दिवशी निघाल्या, म्हशींना वरच्या अंगाला नेल्यावर. कुणीतरी विचारेल म्हणून सांगितलं.)

आणि पूर नसतो तेव्हा नदीत काय असतं तेही बघा. मेलेल्या माशांचे फोटो दर एक-दोन वर्षांनी पेपरात असतात, वरचा खालच्याकडं बोट दाखवतो, खालचा वरच्याकडं. यहेज्केल, अध्याय चौतीस, मेंढरांना देव विचारतो, तुम्ही चांगलं कुरण चरलात, उरलेलं पायानं तुडवता कशाला, स्वच्छ पाणी प्यालात, राहिलेलं पायानं गढूळ कशाला करता, माझ्या बाकीच्या मेंढरांनी ते प्यायचं का? हे वचन मी कृष्णेच्या घाटावर लावायला तयार आहे, फ्लेक्सचा खर्च माझा. पण ह्याच नदीचं पाणी २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेतून रेल्वेनं लातूरला गेलं, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, म्हणजे टँकरचे डबे, पाच लाख लिटर. तहानलेल्याला पेलाभर गार पाणी दिलं तरी त्याचं प्रतिफळ बुडत नाही असं येशू म्हणतो, आम्ही पेला नव्हे, गाडी पाठवली.

आता मुद्दा दोन, जगातली चर्च, पटपट. ऑर्थोडॉक्स लोक, म्हणजे पूर्वेकडचं जुनं चर्च, ह्यात आधी जागे झाले, १९८९ ला कॉन्स्टँटिनोपलच्या पॅट्रिआर्कनी, म्हणजे त्यांच्या मुख्य धर्मगुरूंनी, एक सप्टेंबर हा सृष्टीसाठी प्रार्थनेचा दिवस ठरवला, आणि त्यांच्यानंतरचे बार्थोलोम्यू १९९७ ला स्पष्ट म्हणाले की निसर्गाविरुद्ध केलेला गुन्हा हे पाप आहे. पाप! तोवर आमच्याकडं पापाच्या यादीत सिगारेट होती, ओढ्यात सोडलेली मळी नव्हती. मग २०१५ ला पोप फ्रान्सिसचं पर्यावरणावरचं परिपत्रक, 'लाउदातो सी', म्हणजे 'तुझी स्तुती असो'. हे नाव असीसीच्या फ्रान्सिसच्या गाण्यातलं, १२२५ च्या सुमाराचं, म्हणजे ज्ञानेश्वरीच्या साधारण पासष्ट वर्षं आधीचं, आणि लॅटिनमध्ये नव्हे तर तिकडच्या लोकभाषेत, माउलींसारखंच. त्यात सूर्य भाऊ आहे, पाणी बहीण आहे. आपल्या तुकोबांनी झाडांना सोयरे केलं, ह्यानं पाण्याला भाऊबंदकीत घेतलं, अर्थात आपल्याकडच्या भाऊबंदकीत घेतलं असतं तर केस चालू झाली असती. ह्या फ्रान्सिसनं मठातल्या माळ्याला सांगितलं होतं की बागेचा एक भाग न लावता तसाच ठेव, रानफुलांना. परत आजोबांचा बांध! आणि इथिओपिया. तिथल्या उत्तरेकडच्या डोंगराळ भागात जंगल जवळपास सगळं शेतीत आणि चराईत गेलं, राहिलं ते जुन्या चर्चभोवती. वरून फोटो बघा, तपकिरी रानात हिरवे ठिपके, प्रत्येक ठिपक्याच्या मधोमध चर्च. चर्चला झाडांचं वस्त्र पाहिजे असं ते मानतात. आपली देवराईच. गुरं शिरू नयेत म्हणून शेतातलेच दगड वेचून भोवती भिंती घातल्या, रान मोकळं आणि जंगल सुरक्षित. आणि आम्ही पेव्हर घातले.

आपल्याकडचे लोक, एका श्वासात. विल्यम केरी हा मिशनरी, ज्यानं १८०५ ला मराठीचं व्याकरण छापलं, तो झाडांचाही वेडा होता, १८२० ला कलकत्त्यात शेती-बागायतीची संस्था काढली, आणि कोयनेच्या अंगाला जो कुंभा तुम्ही बघता, त्या कुंभ्याचं शास्त्रीय नाव 'केरिया' हे त्याच्यावरून पडलंय. फादर हर्मन बाखर, स्वित्झर्लंडहून आलेले, नगर जिल्ह्यात त्यांनी गावकऱ्यांना बरोबर घेऊन माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणलोट अडवला, टँकरची गावं पाण्याला लागली. वसईचे फादर दिब्रिटो, आपले २०२० च्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, विहिरींचं पाणी टँकरनं उपसलं जात होतं आणि हिरवी वसई गिळली जात होती तेव्हा रस्त्यावर उतरले, हरित वसई. रेव्हरंड टिळक शेवटी सातारला येऊन राहिले, त्यांच्यावर बोलायला सातारकरांनी मला बोलवावं, मी तयार आहे. आणि ख्रिस्ती नसलेले पण आपलेच, सागरेश्वरच्या उघड्या डोंगरावर जंगल उभं करणारे धों. म. मोहिते, त्यांनी लावलं आणि लावल्यावर राखलं, मी म्हणतोय ती राखण दोन तासांवर जाऊन डोळ्यांनी बघता येते.

हो हो, दिसली चिठ्ठी.

मुद्दा तीन. आमच्या चर्चच्या लोकांना तीनच विनंत्या. दफनभूमीतली झाडं तोडू नका आणि तिथलं गवत पेटवून देऊ नका, शहरात मोकळी जमीन आता मेलेल्यांकडंच राहिलीय. नाताळला प्लॅस्टिकचं झाड असेल तर दरवर्षी तेच वापरा. आणि कमिटीत ठराव आला तर चहा नंतर घ्या. बाकीच्यांना मी काय सांगणार, तुमच्या तुमच्या कमिट्या आहेत. आणि ते पहिल्या अध्यायातलं 'सत्ता चालवा', त्याचं उत्तर द्यायचं राहिलंच. तो शब्द राजासाठी वापरतात, आणि बहात्तराव्या स्तोत्रात चांगला राजा कसा सत्ता चालवतो ते आहे, दुबळ्याला वाचवतो, कापलेल्या गवतावर पावसासारखा येतो. ह्यावर मला वीस मिनिटं पाहिजे होती. आणि पुनरुत्थानाच्या सकाळी मग्दालीया मरीयेला येशू दिसतो तेव्हा ती त्याला कोण समजते, तर माळी. सगळे म्हणतात तिची चूक झाली. माझं मत वेगळं आहे, पण ते आता चहाला विचारा.

शेवटचं. दाराशी रोपं ठेवलीत, चिंचेची, एकोणीस आहेत. झाड तुटायच्या आधीचे चिंचोके त्या आजींच्या डब्यात राहिले होते, पोरांना भाजून द्यायला ठेवलेले, त्यातले काही मला दिले. त्या गेल्या मागच्या वर्षी. चिंचेला फळ धरायला आठ-दहा वर्षं सहज लागतात आणि मी बहात्तरचा आहे, तेव्हा मी काही घेणार नाही. वहीत नाव लिहून न्या. ज्याच्याकडं दोन उन्हाळे पाणी घालायला माणूस आहे त्यानंच न्या, नुसतं फोटोला नको. तिसऱ्या रांगेत आमचे ते वडील बसलेत, अठ्ठाविसाव्या वचनाचे, त्यांनी मघाशी दारातच एक उचललं आणि विचारलं की गाडी लावायच्या जागेपासून किती फूट लांब लावायचं. पन्नास म्हणलं. आणि रोपांच्या काळ्या पिशव्या फेकू नका, परत आणून द्या, त्या माझ्या नाहीत, नर्सरीवाल्याच्या आहेत.